साउंडगार्डनचा टी-शर्ट घालणार असशील तर

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या या रॉक बँडचं नाव कुठून आलं हे आधी माहीत करून घे. सिअ‍ॅटलमध्ये लेक वॉशिंग्टनच्या काठावर पोलादी मनोऱ्यांवर नळ्या बसवलेलं एक शिल्प आहे, वारा सुटला की त्यातून सूर निघतात. बँडने नाव घेतलं ते या शिल्पाचं.

गिटारवादक किम थायिलचे आईवडील केरळचे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९८४ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा क्रिस कॉर्नेल गाता गाता ड्रम्सही वाजवायचा. त्यांच्या ‘स्पूनमॅन’मधले चमचे खरेच आहेत, आर्टिस नावाच्या रस्त्यावरच्या कलाकाराने वाजवलेले. या गाण्याचा मुख्य ठेका सात मात्रांचा आहे. रूपक ताल ऐकलेल्या कानांनी तो मोजून बघ, मजा येते!

आता कपडे. टी-शर्ट थोडा सैल घे आणि वर चौकड्यांचा जाड शर्ट बटणं न लावता घाल. सिअ‍ॅटलची पोरं असे शर्ट घालायची ती थंडी-पावसामुळे आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात ते स्वस्त मिळायचे म्हणून. १९९२ मध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने हाच वेश महागड्या रॅम्पवर नेला, मला ते कधीच पटलं नाही. मुंबई-पुण्याच्या उन्हात तो शर्ट सरळ कमरेला बांध. खाली साधी जीन्स आणि वापरलेले बूट पुरेत. मुद्दाम फाडलेलं काही नको.

टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धू, सावलीत वाळव. छपाईवर इस्त्री कधीच फिरवू नकोस.