मरिया निष्पाप होती का? आधी तारखा मोजा

न्यू जर्सीच्या ताईंचं पत्र लांबलचक आहे, पण दुखणं एकाच परिच्छेदात सापडलं. त्या लिहितात, "मी वसईची कॅथलिक, नवरा नगरचा प्रोटेस्टंट. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. लेक कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गातून 'मरिया निष्पाप होती' असं शिकून आली. सासूबाई म्हणाल्या, तीही आपल्यासारखीच पापी, शास्त्रात लिहिलंय. लेक रडली, जेवली नाही. कोणाचं खरं सांगू?"

पोरीचं वाईट वाटलं. पण ताई, पुढे तुम्हीच लिहिता की 8 डिसेंबर म्हणजे मरियेला येशूचा गर्भ राहिला तो दिवस. इथे तुमचा कान धरायला हवा. तो दिवस 25 मार्च. तिथून नऊ महिने मोजा, नाताळ येतो. 8 डिसेंबर हा मरिया स्वतः तिच्या आईच्या, अन्नाच्या, पोटी आली त्याचा सण. तिथून नऊ महिन्यांनी 8 सप्टेंबर, मरियेचा वाढदिवस. बांद्र्याची मोत माउलीची जत्रा त्याच सुमारास भरते, हे वसईच्या लेकीला मी सांगायचं? आमच्या घरात दोन्ही पंथ आहेत आणि तिथेही निम्मे वाद या एका चुकीवरच पेटतात.

आता मूळ मुद्दा. पोप नववे पायस यांनी 1854 साली 8 डिसेंबरलाच जाहीर केलं की गर्भात आल्या क्षणापासून मरियेला मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच चिकटणाऱ्या पापाचा, डाग लागला नाही, आणि तेही येशूच्या पुण्याईमुळे. हा शेवटचा तुकडा दोन्हीकडचे गाळतात. मरियेला तारणाऱ्याची गरजच नव्हती, असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं हे तारण, तसं पडण्याआधीच हात धरणं हेही तारणच. डन्स स्कोटस या धर्मपंडिताने मध्ययुगात असाच युक्तिवाद केला. थॉमस अक्वायनससारख्या बड्या कॅथलिक पंडिताला मात्र ही शिकवण मान्य नव्हती, हे सासूबाईंना जरूर सांगा. त्या खूश होतील.

सासूबाईंचा आधार बायबलमधलं रोमकरांस 3:23, "सर्वांनी पाप केले आहे." दुसरा लूक 1:47, तिथे मरियाच देवाला "माझा तारणारा" म्हणते. पहिल्यावर कॅथलिक विचारतात, तान्ह्या बाळाने कुठे पाप केलं? म्हणजे 'सर्व' शब्दाला अपवाद आहेत. प्रोटेस्टंट म्हणतात, शास्त्राने निष्पाप म्हणून येशूलाच वेगळं काढलंय (इब्री 4:15), दुसरं नाव आपण का घालावं? दुसऱ्या वचनाचं उत्तर वरच्या खड्ड्यात आहे.

खरी गाठ लूक 1:28 मध्ये आहे. जेरोमच्या जुन्या लॅटिन बायबल भाषांतरात देवदूत मरियेला 'कृपेने पूर्ण' म्हणतो, तेच रोझरीत, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, आलं. सासूबाईंच्या मराठी पवित्र शास्त्रात 'कृपा पावलेल्या स्त्रिये' आहे. मूळ ग्रीक शब्द 'केखारितोमेने'. कृपा आधीच झाली आणि टिकून आहे, इतकं त्याचं व्याकरण सांगतं. कधीपासून, ते सांगत नाही. ती जागा एक बाजू परंपरेने भरते, दुसरी मोकळी ठेवते.

लेकीसाठी रविवारी दुपारी वीस मिनिटं काढा. जेवणाच्या टेबलावर नको. दोन्ही बायबलं उघडून आधी लूक 1:26-38 वाचा, मग 1:28 शेजारी शेजारी ठेवा. तिला "आईची चर्च असं म्हणते, आजीची चर्च तसं म्हणते" या शब्दांत सांगा. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पेलतं. मूर्ती, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), रोझरी हे विषय त्या दिवशी काढू नका. ते निघाले की मरिया राहते बाजूला आणि सासू-सून उरतात. आणि नवऱ्याला गप्प बसू देऊ नका, वाचनाची पहिली पाळी त्याची.

पत्रातल्या बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. सासूबाईंच्या मेडिकल विम्यात जुन्या आजारांचं कलम आजच वाचा. नाताळच्या फराळाचा वाद मी सोडवणार नाही, दोन्ही डबे भरा.

आणि लेक मराठी बोलत नाही म्हणता, तर लूक 1:46-55, मरियेचं गीत, रोज दोन ओळी आजीकडून पाठ करून घ्या. दहाच वचनं आहेत आणि त्यांवर दोन्ही घरांत भांडण नाही.