आउटलुकमध्ये आलेली बिलं स्क्रिप्टने आपोआप फोल्डरमध्ये जतन होतील का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहात, आउटलुकवर रोज चाळीस-पन्नास मेल येतात. त्यातली पुरवठादारांची बिलं एकेक उघडून त्या-त्या फोल्डरमध्ये ठेवता आणि प्रत्येकाला 'बिल मिळालं' असं उत्तर पाठवता. प्रोग्रॅमिंग येत नाही. हे सगळं स्क्रिप्टवर सोपवता येईल का?

हो, येईल. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये आहे आणि गेली सहा वर्षं आमची खरेदीची बिलं अशीच जागेवर जातात. मीही प्रोग्रॅमिंग शिकलेली नाही, बी.कॉम. आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र आली आहेत. बिल उचलून जागेवर ठेवणं हे एक आणि उत्तर पाठवणं हे दुसरं. पहिलं काम स्क्रिप्टला बिनधास्त द्या. दुसऱ्यात शेवटचं बटण स्वतःच्या हातात ठेवा.

सगळ्यात आधी तुमचं आउटलुक कोणतं ते बघा. खिडकीच्या वर उजवीकडे 'न्यू आउटलुक' असं सरकवायचं बटण असतं. ते चालू असेल तर पुढचं काहीच चालणार नाही, कारण व्हीबीए, म्हणजे ज्या भाषेत ही स्क्रिप्ट लिहायची ती, नव्या आउटलुकमध्ये नाहीच. जुनं, म्हणजे 'क्लासिक' आउटलुक लागतं. मायक्रोसॉफ्टने ते किमान २०२९पर्यंत सांभाळू असं जाहीर केलंय, त्यामुळे मेहनत लगेच वाया जाणार नाही.

दुसरं म्हणजे कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मॅक्रो (व्हीबीएत लिहिलेली स्क्रिप्ट) म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालतात, आणि त्याला कारण आहे. मे २०००मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस निघाला. तो म्हणजे मेलला जोडलेली एक छोटी स्क्रिप्टच होती. कुणी उघडली की आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना आपली प्रत पाठवायची. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये एकावर एक कुलपं घातली. २०१७च्या एका सुरक्षा अपडेटमध्ये रूल्समधला, म्हणजे आलेल्या मेलवर आपोआप लागू होणाऱ्या नियमांमधला, 'रन अ स्क्रिप्ट' हा पर्यायही बंद झाला. जुन्या व्हिडिओंमध्ये तो दाखवतात आणि आपल्याकडे दिसत नाही, त्याचं कारण हे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जमध्ये) बदल करून तो परत आणता येतो, पण तसं करू नका. त्याची गरजच पडत नाही.

आउटलुकच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये, म्हणजे ट्रस्ट सेंटरमध्ये, 'सगळे मॅक्रो चालू' हा पर्यायही निवडू नका. ऑफिससोबत 'डिजिटल सर्टिफिकेट फॉर व्हीबीए प्रोजेक्ट्स' नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. त्यातून स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट बनवा, आपल्या मॅक्रोवर त्याची सही करा आणि सेटिंग 'फक्त सही केलेल्या मॅक्रोंसाठी विचारा' असं ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता रचना. कोड पन्नासएक ओळींचा होतो. तो कुणाकडून लिहून घ्या, एआयकडून घ्या किंवा स्वतः जमवा. पण तो नेमकं काय करतो हे तुम्हाला मराठीत सांगता आलं पाहिजे, नाहीतर चुकला तर चुकला हेही कळणार नाही. माझा मॅक्रो हे करतो:

'खरेदी बिलं' या फोल्डरमधला प्रत्येक मेल घेतो. त्यावर 'जतन' ही कॅटेगरी आधीच लागलेली असेल तर सोडून देतो. नसेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता माझ्या यादीत शोधतो. सापडला तर पीडीएफ त्या पुरवठादाराच्या फोल्डरमध्ये ठेवतो, मेलवर 'जतन' ची खूण करतो आणि एका नोंदवहीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहितो: तारीख, वेळ, पत्ता, फाइलचं नाव. पत्ता सापडला नाही तर मेलला हात लावत नाही. एवढंच.

मेल त्या फोल्डरमध्ये नेण्याचं काम साधा रूल करतो, त्याला स्क्रिप्ट लागत नाही.

बरेच लोक 'मेल आला की लगेच मॅक्रो चालावा' अशी मांडणी करतात. मीही तसंच सुरू केलं होतं. पण आउटलुक बंद असेल, मशीन मध्येच अडकलं, एकदम वीस-पंचवीस मेल आले, की काही मेल निसटतात आणि कोणते निसटले ते कळत नाही. खुणेच्या पद्धतीत ही भीती नाही. मॅक्रो कितीही वेळा चालवा, झालेलं पुन्हा होत नाही आणि राहिलेलं राहत नाही. वरच्या पट्टीवर त्याचं एक बटण करून ठेवलंय, सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना दाबते. मात्र खूण लावल्यावर तो मेल सेव्ह करण्याची ओळ कोडमध्ये हवी, नाहीतर खूण टिकत नाही.

आता जिथे मी खरोखर अडकले ते सविस्तर सांगते, कारण तुम्हीही तिथेच अडकाल.

पहिल्या महिन्यात मॅक्रो छान चालला असं वाटलं. मग १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आली आणि मी बिलं जुळवायला बसले. पोर्टलवर एका पुरवठादाराची चार बिलं होती, माझ्या फोल्डरमध्ये एकच. दुसऱ्याची तीन होती, माझ्याकडे पुन्हा एकच. कारण साधं होतं. त्यांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव एकच, 'इन्व्हॉइस'. आपण हाताने सेव्ह केलं तर विंडोज विचारतं, 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' व्हीबीए विचारत नाही. जुनी फाइल गुपचूप पुसून नवी ठेवतो. मेल आउटलुकमध्ये शाबूत होते म्हणून बिलं परत मिळाली, पण त्या दिवशी संध्याकाळी पोटात गोळा आला होता. २० तारखेला जीएसटीआर-३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं आणि ज्या बिलाचा कागद हाताशी नाही त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मी कशाच्या जोरावर घेणार?

तेव्हापासून फाइलचं नाव मॅक्रो स्वतः ठरवतो. आधी मेल आल्याची तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग तास-मिनिट-सेकंद, मग पुरवठादाराचा छोटा कोड, मग मूळ नाव. वर्ष आधी असल्यामुळे फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेने लागतात. त्याउपर ते नाव आधीच असेल तर शेवटी १, २ असा आकडा जोडतो. विषयाची ओळ नावात घेणार असाल तर आधी अपूर्णविराम, तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह ही चिन्हं काढून टाका. विंडोजला ती फाइलच्या नावात चालत नाहीत, आणि 'आरई' किंवा 'एफडब्ल्यू'नंतर अपूर्णविराम हमखास असतो.

तसंच, मेलखाली सहीत असलेला कंपनीचा लोगो हीसुद्धा आउटलुकच्या लेखी अटॅचमेंटच असते. माझ्या फोल्डरमध्ये पहिल्या आठवड्यात बिलांपेक्षा लोगो जास्त होते. म्हणून फक्त पीडीएफच उचला. आणि फोल्डरमधली प्रत्येक वस्तू मेलच असेल असं धरू नका. मीटिंगचं निमंत्रण, 'मेल पोचला नाही' असा रिपोर्ट हे वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांच्यावर मॅक्रो आपटून थांबतो. आधी जात तपासायची. साध्या मेलचा क्रमांक ४३ आहे, तो नसेल तर पुढे जायचं.

मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचे असतील तर मोजणी शेवटून सुरू करा. पहिला मेल हलवला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, आणि मॅक्रो मात्र दुसऱ्या जागेवर जाऊन मूळचा तिसरा मेल उचलतो. एकाआड एक मेल मागे राहतात. 'अर्धेच हलले' अशी तक्रार कुणी केली की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हं उमटतात, कारण तो एडिटर युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे. म्हणून फोल्डरचं मराठी नाव किंवा मराठी मजकूर कोडमध्ये लिहूच नका. मी पुरवठादारांची यादी नोटपॅडमध्ये ठेवते, एका ओळीत पत्ता, कोड आणि फोल्डरचं नाव. ती सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-१६ एलई' निवडायचं, नेहमीचं 'यूटीएफ-८' नाही. मॅक्रोत 'फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट' वापरून ती युनिकोड म्हणून उघडायची. व्हीबीएच्या जुन्या अंगभूत आज्ञांना मराठी नावाचे फोल्डर सापडत नाहीत, या पद्धतीने सापडतात. यादी बाहेर असल्याचा फायदाही मोठा आहे. नवा पुरवठादार आला की एक ओळ वाढवायची, कोडला हात लावायचा नाही.

पुरवठादार ओळखायचा तो पत्त्यावरून, दिसणाऱ्या नावावरून कधीच नाही. आमच्याकडे एकदा नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला, 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे या खात्यावर पैसे पाठवा.' नाव तेच, सही तीच, लोगो तोच. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. यादीत तो पत्ता नव्हता म्हणून मॅक्रोने तो सोडला आणि संध्याकाळी खूण नसलेल्या मेलमध्ये तो मला वेगळा दिसला. फोन करून विचारलं, त्यांनी खातं बदललंच नव्हतं. म्हणून सांगते, खूण नसलेले मेल रोज डोळ्यांखालून घालाच. सगळी बिलं आपोआप जतन झाली तर मला उलट काळजी वाटेल.

यामुळेच उत्तर पाठवण्याचं काम मी मॅक्रोवर सोडत नाही. आउटलुकच्या रूलमध्ये टेम्प्लेटने उत्तर देण्याची सोय आहे आणि ती एका सत्रात एका पत्त्याला एकदाच उत्तर देते. दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसू नयेत म्हणून मुद्दाम घातलेली ती मर्यादा आहे. तुमच्या मॅक्रोत अशी मर्यादा नसते. समोरच्याने 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप उत्तर लावलेलं असेल आणि तुमचा मॅक्रो त्यालाही 'बिल मिळालं' म्हणून कळवत असेल, तर सोमवारी काय दिसेल याचा विचार करा. आणि हिशेबात 'बिल मिळालं' हे शब्द हलके नाहीत. त्यावरून समोरचा पैशांची तारीख मोजायला लागतो.

माझा मॅक्रो उत्तर तयार करतो आणि ड्राफ्ट्समध्ये ठेवतो. कोडमध्ये 'सेंड'च्या जागी 'सेव्ह' लिहायचं, एका शब्दाचा फरक. मराठी मजकूर आउटलुकच्या टेम्प्लेट फाइलमध्ये ठेवलाय, त्यामुळे प्रश्नचिन्हांची अडचण येत नाही. संध्याकाळी दहा-बारा ड्राफ्ट असतात, एकेक उघडते, बिलाचा नंबर बघते, पाठवते. पाच-सात मिनिटं जातात. एखाद्याला 'मागच्या बिलातला दर चुकलाय' असं लिहायचं असतं, तेही त्याच वेळी होतं.

मेल पुसणारी ओळ मात्र मॅक्रोत कुठेही नको. कोड एआयकडून घेतला असेल तर 'डिलीट' हा शब्द शोधून बघा.

तुमच्याकडे आउटलुक नसून थंडरबर्ड असेल तर तिथले मेसेज फिल्टर मेल वेगळे करतात, पण अटॅचमेंट जतन करत नाहीत. त्यासाठी 'फिल्टाक्विला' हे अ‍ॅड-ऑन घालावं लागतं. मॅकवर अ‍ॅपल मेलच्या रूलमधून अ‍ॅपलस्क्रिप्ट चालवता येते. दोन्हीकडे वरच्या नावांच्या आणि खुणांच्या गोष्टी तशाच लागू पडतात.

सुरुवात कशी करायची? 'चाचणी' नावाचा फोल्डर करा. त्यात एकाच पुरवठादाराचे जुने दहा मेल कॉपी करून टाका, हलवू नका. मॅक्रो चालवा, दहा बिलं फोल्डरमध्ये मोजा, नोंदवहीत दहा ओळी मोजा. मग पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा एकही फाइल वाढली नाही तर खुणेचं काम नीट झालंय. त्यानंतर पहिला महिना हाताने जतन करणंही चालू ठेवा आणि २बी आलं की दोन्ही फोल्डर पोर्टलशी जुळवा. हा महिना दुप्पट कामाचा जातो, पण तो टाळू नका.

आणि हे सगळं 'व्हीबीएप्रोजेक्ट' या नावाच्या एकाच फाइलमध्ये राहतं, तुमच्या विंडोज यूझरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, आउटलुकच्या आत. मेलचा बॅकअप घेतला म्हणून तिचा बॅकअप होत नाही. आमच्याकडे मशीन बदललं तेव्हा सगळे मेल नव्यावर आले, मॅक्रो आला नाही, आणि जुनी हार्डडिस्क फॉरमॅट झालेली होती. आता त्या फाइलची, पत्त्यांच्या यादीची आणि टेम्प्लेटची प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर घेते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी मॅडमना ती कुठे असते ते दाखवून ठेवलंय.