मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात अक्रोपोरासारखे (फांद्यांचे दगडी प्रवाळ) नाजूक कोरल जगतात का?

तुम्ही लिहिलंय की परभणीत तुमची २०० लिटरची टाकी आहे, अक्रोपोरा दोनदा आणला, दोन्ही वेळा मे महिन्यात पांढरा पडून मेला. मी लातूरला सहा वर्षं अशीच टाकी सांभाळतोय. आपल्याकडे जमतं.

आधी आठवून बघा, पांढरा पडला म्हणजे काय झालं? फांदीवर काचेसारखी पातळ कातडी आणि पॉलिप (कोरलचे इवले जीव) शिल्लक होते, तर उष्णतेनं त्यानं अंगातलं, त्याला अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकलं होतं. असा कोरल पाणी थंड आणि उजेड कमी केला तर सावरू शकतो. कातडीच बुडापासून सोलत गेली असेल, तर मला खारटपणा आणि अल्कलिनिटीतल्या (पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्यातल्या) चढउतारांचा संशय येतो.

तुम्ही टाकीवर फॅन लावलाय, ते बरोबरच आहे. पाणी २५-२६ अंशांवर असावं, आणि आपल्या कोरड्या हवेत फॅन माठासारखं काम करतो: २०० लिटरमधलं एक लिटर उडालं की बाकीच्या पाण्यातून तीन अंशांइतकी उष्णता निघून जाते. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. (मृग लागला की आपल्याकडेही फॅनचा जोर कमी होतो, तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो.) पण उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. माझ्याकडे मे महिन्यात रोज पाचेक लिटर उडतं. तुम्ही म्हणता तशी तीन दिवसांतून एकदा बादली ओतली, तर खारटपणा ३५ वरून ३८ च्या जवळ (हजार भागांत) जातो आणि एका मिनिटात परत खाली येतो. मासा हे सोसतो, अक्रोपोरा नाही. म्हणून ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, बसवा. चिलरच्या मानानं तो फार स्वस्त आहे आणि इथं त्याचीच गरज जास्त.

आता कुठलं पाणी भरायचं? बोअरचं तर नकोच. स्वयंपाकघरातल्या आरओचंही तसंच वापरू नका. त्यात बहुतेक वेळा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. ही गोष्ट मला उशिरा कळली आणि त्यात दोन चांगले कोरल गेले. कंट्रोलर पूर्ण बंद करा, पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावा, टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं. आरओतून वाया जाणारं पाणी मी फरशी आणि भांड्यांना वापरतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं या गावानं पाहिलंय, ते गटारात सोडवत नाही.

इतकं पाणी उडतं याचा एक मोठा फायदाही आहे: चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला दीड ग्रॅमपर्यंत, झाकून ठेवायचं आणि वरचं नितळ पाणी टॉप-अपमधून थेंब थेंब सोडायचं. कोरलला सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात लागते, त्याच प्रमाणात दोन्ही मिळतात. पानाचा चुना वापरू नका. पंप अडकून सगळं एकदम पडलं तर पीएच भडकतो, तेव्हा टॉप-अपची टाकी लहानच ठेवा. अल्कलिनिटी ८ डीकेएच (तिचं मोजमाप) च्या आसपास असावी, ७.५ असली तरी चालेल, पण रोज तीच राहिली पाहिजे.

लाईट गेली की आधी वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) चालू राहायला हवा, त्याला इन्व्हर्टरवर घ्या.

आणि विकत घेताना कागद मागा. आपल्या समुद्रातले दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. परदेशी दगडी कोरलला साइटिसचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवाने लागतात. कागद नसतील तर घेऊ नका.

सध्या अक्रोपोरा आणूच नका. झोअँथस आणि मशरूम हे चिवट मऊ कोरल ठेवा, खारटपणा आणि अल्कलिनिटी रोज वहीत लिहा. पुढचा अख्खा मे महिना ते आकडे हलले नाहीत, की मग एक लहान फांदी आणा.