पत्र वडिलांचं, प्रश्न मुलीचा

तुमचं चार पानी पत्र मिळालं. त्यातली साडेतीन पानं तुमच्याबद्दल आहेत: काय सोसलं, काय सोडलं, मुलीसाठी काय ठरवून ठेवलं होतं. मुलगी येते ती शेवटच्या परिच्छेदात. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, 68 टक्के, अर्थशास्त्राची आवड. परदेशात जाऊन डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये एम.ए. करायचं आणि गरीब देशांतल्या आरोग्य-शिक्षणाच्या कामात उतरायचं म्हणते. तुम्हाला ती सीए झालेली हवी आहे. अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावल्याच्या बातम्या तुम्ही तिच्यापुढे ठेवल्यात, ती बधली नाही, म्हणून तीन आठवडे घरात अबोला आहे. आणि आता मला लिहिता, "या क्षेत्रात काही राम उरला नाही, हे तुम्हीच तिला सांगा. तुमचं ऐकेल."

नाही सांगणार. ते खरं नाही, हे एक कारण. त्याकडे नंतर येतो. आधी अबोल्याचं बघू. "तिच्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. एकवीस वर्षांच्या मुलीशी कोर्सच्या निवडीवरून बोलणं टाकणं याला तुम्ही शिस्त म्हणता. मला ती वसुली वाटते. अशा घरांतली मुलं माझ्यासमोर येतात, तेव्हा बहुतेकदा दोनांपैकी एक झालेलं असतं. एक तर मूल मुकाट्याने आईवडिलांच्या पसंतीच्या कोर्सला बसतं आणि वर्षं वाया घालवतं. नाहीतर स्वतःच्या निवडीला घट्ट चिकटतं, ती चुकतेय हे दिसत असूनही, कारण मागे फिरणं म्हणजे घरच्यांपुढे हरणं. तुमच्या मुलीच्या बेतात एक कच्चा दुवा नक्की आहे. पण तुम्ही बोलणंच बंद केलंय, तर तो तिने दाखवायचा कोणाला?

पत्रासोबत तुम्ही तिच्या निबंधाची दोन पानं जोडलीत, "डोक्यात काय भरलंय ते बघा" म्हणून. (तिला विचारून जोडलीत का?) बघितली. भाषा थोडी भाबडी आहे, पण एका जागी तिने लिहिलंय: परदेशी मदत देणाऱ्या दात्यांनी दवाखाना बांधला, तीन वर्षांनी प्रकल्प संपला, मग नर्सचा पगार कोण देणार? या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही याच प्रश्नाशी झटत असतात. आफ्रिकेतल्या मलावीचं उदाहरण घ्या. तिथल्या नर्स आणि डॉक्टर देश सोडून चालले होते, तेव्हा 2004 मध्ये एक आपत्कालीन कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात दात्यांच्या पैशातून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारावर 52 टक्के भर देण्यात आली. माणसं टिकली, संख्या वाढली. पण दात्यांनी हात आखडता घेतला की ही वाढीव रक्कम सरकारच्या पगारपत्रकात कुठून बसवायची, हा पेच मागे उरतोच. इमारतीवर कोनशिला लावता येते, पगारपत्रकावर येत नाही, त्यामुळे दात्यांना इमारतच बरी वाटते. तुमच्या मुलीला हे न शिकवता दिसलंय. 68 टक्क्यांची काळजी सोडा.

आता तुमचा समज. तुम्हाला वाटतं की गरीब देशांतल्या शाळा-दवाखाने परदेशी मदतीवर चालतात. मदत आटली की काम संपलं. बातम्या खऱ्या आहेत. 1961 मध्ये स्थापन झालेली यूएसएड, म्हणजे परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्था, 1 जुलै 2025 ला बंद होऊन परराष्ट्र खात्यात विलीन झाली. ब्रिटनही आपली मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यांवर आणणार आहे; खरं तर संयुक्त राष्ट्रांनी 0.7 टक्क्यांचं लक्ष्य 1970 मध्येच ठरवलं होतं. एचआयव्हीच्या औषधांसारख्या ज्या गोष्टींत दात्यांचा वाटा फार मोठा होता, तिथे घाव थेट बसला. पण शाळामास्तरचा पगार प्रामुख्याने त्या देशाच्या स्वतःच्या तिजोरीतून जातो. कमी उत्पन्नाच्या देशांत आरोग्यावरच्या एकूण खर्चात बाहेरच्या मदतीचा वाटा सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास. त्याहून मोठा वाटा आजारी माणूस आणि त्याचे नातेवाईक स्वतःच्या खिशातून भरतात. आफ्रिकी देशांनी 2001 मध्ये नायजेरियातल्या अबुजाला जमून अर्थसंकल्पाचा 15 टक्के हिस्सा आरोग्याला देण्याचं वचन दिलं. ते पाळणारे देश बोटावर मोजण्याइतके. त्यात कर्जाचं व्याज आरोग्य किंवा शिक्षणाच्या खर्चालाही मागे टाकतंय, असे देश कमी नाहीत. शिवाय मदत आली की सरकार त्याच खात्यातला स्वतःचा पैसा काढून दुसरीकडे वळवतं, अशीही उदाहरणं आहेत. दाता समजतो आपण दवाखान्याला दिले, प्रत्यक्षात मोकळा झालेला पैसा भलतीकडेच गेलेला असतो. म्हणजे मदत हा या हिशेबातला एक रकाना आहे. तो लहान झाला की उरलेले रकाने जास्त नीट बघावे लागतात, आणि ते बघणारी माणसं त्या देशांच्या अर्थखात्यांत, लेखापरीक्षण कार्यालयांत आणि अर्थसंकल्पाचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थांत बसतात.

तिथे काय काम असतं, हे युगांडावरून कळेल. 1990 च्या दशकात तिथलं सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान देत होतं; कागदावर सगळं चोख. प्रत्यक्ष शाळांत जाऊन पाहणी केली तेव्हा निघालं की 1991 ते 1995 या काळात सरासरी 13 टक्केच रक्कम शाळेपर्यंत पोचली होती, बाकी मधल्या जिल्हा पातळीवर जिरली. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळांच्या भिंतीवरही रक्कम लावायला सांगितली. पुढच्या काही वर्षांत पोचणारा हिस्सा 80 टक्क्यांच्या वर गेला. सगळं श्रेय वर्तमानपत्रांचं की इतर सुधारणांचंही, यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि ते भांडण मुलीने जरूर वाचावं. पण गळती सापडली ती दोन वह्या शेजारी ठेवून: खात्याने पाठवलेली रक्कम एकीत, शाळेला मिळालेली दुसरीत.

उलट टोक बघायचं तर पुन्हा मलावी, 2013. सरकारी हिशेबाच्या संगणकप्रणालीतून न घेतलेल्या मालाची बिलं काढायची, पैसे पाठवायचे आणि मग ती नोंदच पुसून टाकायची, असा प्रकार चालला होता. काही महिन्यांत कोट्यवधी डॉलर गेले. 'कॅशगेट' नावाने तो गाजला आणि दात्यांनी सरकारच्या अर्थसंकल्पाला थेट दिली जाणारी मदत थांबवली. चोरी केली काही अधिकाऱ्यांनी, आटला मात्र सगळ्या सरकारचा पैसा, आणि त्याच सरकारच्या तिजोरीतून आरोग्यखातंही चालतं.

इथे तुम्ही म्हणाल, "बघ, मी सीएच म्हणत होतो." थांबा. तुम्हाला सीए हवी आहे ती स्थिर पगार आणि नातेवाइकांत मान यासाठी. पत्रात तसंच लिहिलंय. तिला लेखापरीक्षण शिकायचं झालं तर ते त्या नर्सच्या पगारासाठी. अभ्यासक्रम एकच असला तरी पहिल्या कारणाने बसलेलं मूल दुसऱ्यांदा नापास झालं की गळतं.

आणि तिच्या बेतातला कच्चा दुवा हा. कर्ज काढून नुसती डेव्हलपमेंट स्टडीजची एम.ए. हा आत्ता वाईट सौदा आहे. मदतसंस्थांतून हजारो अनुभवी माणसं बाहेर पडली आहेत आणि नवख्या उमेदवाराच्या जागांवर तीच अर्ज करतायत. 'गरिबी समजते' एवढ्यावर कोणी घेणार नाही; अर्थसंकल्पाचं पुस्तक वाचता येणं, खर्चाचा माग काढता येणं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर हाताळता येणं यावर घेतील. म्हणून आधी सार्वजनिक वित्त, लेखाशास्त्र किंवा उपयोजित अर्थशास्त्र, दोन-तीन वर्षं सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षणाचं प्रत्यक्ष काम, फ्रेंच किंवा पोर्तुगीज यांपैकी एक भाषा, आणि एम.ए. त्यानंतर, शक्यतो शिष्यवृत्तीवर. संयुक्त राष्ट्रांची तरुणांच्या भरतीसाठीची यंग प्रोफेशनल परीक्षा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच खुली असते, जागतिक बँकेची तशीच योजना पदव्युत्तर पदवी मागते. दोन्ही आज तिच्या कामाच्या नाहीत.

हे सगळं तुम्ही तिला वाचून दाखवू नका. पत्र तिच्या हातात द्या, निबंध मला पाठवल्याचं सांगा आणि ती रागावली तर ऐकून घ्या. एखाद्या देशाचा चालू अर्थसंकल्प उघडून त्यात आरोग्याच्या पगारांची तरतूद शोधायची, गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती खर्च झाला ते बाजूला मांडायचं, एवढं काम तिने करावं. कंटाळा आला तर तेही कळेल, आणि फी भरण्याआधी कळेल. नाही आला, तर तिने मला लिहावं. उत्तर तिलाच जाईल. तुम्हाला प्रत पाठवणार नाही.