राजीनामा टाईप करून ठेवलाय, देऊ का?

ताई, मी ३६ वर्षांचा आहे. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत १२ वर्षं क्वालिटीमध्ये काम करतोय. डिप्लोमा करून मग बी.ई. मेकॅनिकल केलं, ५८ टक्के मिळाले. प्रवर्ग खुला. हातात ४६ हजार येतात. फ्लॅटचा हप्ता १७ हजार, मुलगी तिसरीत, वडिलांना शुगर. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, तिला १४ हजार मिळतात. नवीन मॅनेजर आल्यापासून रोज अपमान सोसतोय. कस्टमरकडून रिजेक्शन आलं की सगळ्यांसमोर माझं नाव घेतो. सकाळी गेटपाशी पोचलो की छातीत धडधडतं. संध्याकाळी सोसायटीतल्या चौथी-पाचवीच्या पाच-सहा मुलांना गणित शिकवतो, तेवढाच तास जिवंत वाटतो. नाहीतर कंपनीत ॲप्रेंटिस पोरांना व्हर्नियर, मायक्रोमीटर शिकवताना. बी.एड. करून शिक्षक व्हायचं ठरवलंय. पैसे कमी मिळाले तरी चालतील. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही, ती घाबरेल. राजीनामा टाईप करून ठेवलाय. देऊ का?
– भोसरीचा एक वाचक

दादा, आज देऊ नका. शिकवायची ओढ खोटी आहे म्हणून मी हे सांगत नाही. ती खरी आहे आणि म्हणूनच तिला घाईत संपवू नका.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं. इथे ते आवरून छापलं आहे. त्यात मॅनेजरबद्दल दीड पान होतं आणि मुलांबद्दल चार ओळी. याचा तुम्हाला दोष देत नाही. रोज चारचौघांत पाणउतारा होत असेल तर माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारा: हा मॅनेजर उद्या बदलून गेला तर बी.एड. हवंसं वाटेल का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. उत्तर अडखळलं, तर आधी डिपार्टमेंट बदलून मागा किंवा दुसऱ्या कंपनीत अर्ज टाका. क्वालिटीत १२ वर्षं काढलेल्या माणसाला भोसरी-चाकणच्या पट्ट्यात विचारणारे असतात. आणि छातीतली धडधड डॉक्टरांना दाखवा. ते काम या आठवड्यातच करा.

आता शिक्षक होण्याचा रस्ता नीट पाहू. बी.एड. दोन वर्षांचं आहे. अभियांत्रिकी पदवीधराला त्यासाठी ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. सीईटी देऊन प्रवेश घेतलात तर बाहेर पडेपर्यंत तुम्ही ३९ वर्षांचे असाल. सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि सगळ्यांनाच अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३८ आहे. शिवाय टेट दरवर्षी होत नाही: पहिली २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुम्ही नोकरी सोडल्यावर तुम्हाला हे कळावं यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. सरकारी शाळेचं दार तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. ते उघडं असतं तरी सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागली असती, महिना १६ ते १८ हजार मानधनावर.

दुसरी गोष्ट. ज्या चौथी-पाचवीच्या मुलांमुळे तुम्हाला जिवंत वाटतं, त्यांच्या वर्गावर बी.एड.वाल्याची नेमणूकच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला तसा निकाल दिला आहे. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., लागतं. बी.एड.वर तुम्हाला सहावीपासून पुढचे वर्ग मिळतील. आठवी-नववीच्या ५० मुलांसमोर उभं राहणं आणि सोसायटीतल्या पाच-सहा जणांना शिकवणं यात फार अंतर आहे.

राहतात खाजगी शाळा. तिथे वयाची तशी अट नाही, पगार मात्र शाळेगणिक वेगळा. मोशी, चिखली, निगडी भागातल्या चार शाळांत जाऊन तुम्ही स्वतः विचारा. मुख्याध्यापकांशी बोलून झालं की तिथल्या एखाद्या शिक्षकाला चहाला बाहेर न्या आणि त्यालाही विचारा. हातात किती पडतो आणि सुटीचे महिने धरतात का, हे तोच खरं सांगेल.

‘कॉलेजला येऊ नका, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारी बी.एड. कॉलेजं तुम्हाला भेटतील. नोकरी सांभाळून होईल म्हणून मोह होईल. तिकडे जाऊ नका. नियमाने ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. ती इंटर्नशिपच तर तुम्हाला हवी आहे, ती चुकवून हातात नुसता कागद येईल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी परत परत येत होते. ॲप्रेंटिस पोरांना व्हर्नियर, मायक्रोमीटर शिकवताना. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिकवणं म्हणजे शाळाच असं तुम्ही धरून चाललात. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे हाताचं काम शिकवणारे शिक्षक, असतात. त्या कामाला पदवी किंवा डिप्लोमा आणि शॉप फ्लोअरचा अनुभव लागतो, आणि हे दोन्ही तुमच्याकडे आज आहे. निदेशकांसाठी सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा प्रशिक्षण कोर्स आहे. सरकारी भरतीला वयाची अट तिथेही असते, पण आधी दोन वर्षं बी.एड.मध्ये जाणार नसल्यामुळे तुमच्या हातात अजून थोडा अवधी आहे. खाजगी आयटीआय आहेत, मोठ्या कंपन्यांची स्वतःची ट्रेनिंग सेंटर आहेत, तासिका तत्त्वावर माणसं घेणाऱ्या संस्था आहेत. दहावी होऊन आलेल्या, गणिताने घाबरवलेल्या सतरा वर्षांच्या पोराच्या हातात मायक्रोमीटर देऊन ०.०१ मिलिमीटर म्हणजे काय हे कळेपर्यंत समजावणारा माणूस सहज मिळत नाही. तुमची १२ वर्षं तिथे उपयोगी पडतील. शाळेत ती बाजूला ठेवावी लागतील. मी तुम्हाला शाळेपासून तोडत नाहीये. पण निर्णय घ्यायच्या आधी दोन्हीकडे जाऊन या.

आणि त्यासाठी तुम्हाला रजा टाकायचीही गरज नाही. भोसरीत आठवडी सुटी गुरुवारी असते आणि गुरुवारी शाळा, आयटीआय सगळं चालू असतं. मोरवाडीला महापालिकेचं आयटीआय आहे, औंधला सरकारी आहे. जाऊन प्राचार्यांना भेटा आणि मोजमापाचे एक-दोन तास विनामोबदला घेऊ द्या म्हणून विचारा. जवळच्या महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दिवसभर मागे बसा. शिकवण्याखेरीज शिक्षक काय काय करतात ते बघा: पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, मतदार याद्यांचं बीएलओचं काम. एका गुरुवारात काही कळत नाही. दोन-तीन महिने जात राहा. पावसाळी दुपारी, शेवटच्या तासाला, कंटाळलेल्या वर्गासमोरही उभं राहावंसं वाटलं तर मला तुमच्याबद्दल शंका राहणार नाही.

पैशाबद्दल ‘कमी मिळाले तरी चालतील’ असं तुम्ही लिहिलंय. किती कमी? बी.एड.च्या दोन वर्षांत घरात फक्त पत्नीचे १४ हजार येतील आणि हप्ताच १७ हजारांचा आहे. हप्त्यासकट घरखर्च ४५ हजार धरला तर दरमहा ३१ हजार कमी पडतात, म्हणजे दोन वर्षांचे ७ लाख ४४ हजार. फी वेगळी. ग्रॅच्युइटी मिळेल, शेवटच्या बेसिक-डीएचे १५ दिवस प्रत्येक वर्षामागे, महिना २६ दिवसांचा धरून. बेसिक २२ हजार असेल तर १२ वर्षांचे साधारण दीड लाख. पीएफला हात लावायच्या आधी हेही बघा की १० वर्षांच्या वर नोकरी झाल्यामुळे तुमचा पेन्शनचा हक्क तयार झालेला आहे. तो स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी धरलेल्या नोकरीचा दाखला, घेऊन जपून ठेवा.

आणि वडिलांची शुगर. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्यांचं नाव असेल तर नोकरी सुटताच ते कव्हर जातं. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. एचआरला आणि विमा कंपनीला नोटीस पिरियड सुरू व्हायच्या आधी विचारा. वडील ‘हातचं सोडू नकोस’ म्हणतात त्यात हीही काळजी असेल, बोलून दाखवत नसतील.

आता ज्या गोष्टीने मी खरी अस्वस्थ झाले, ती. राजीनामा टाईप झाला आणि बायकोला माहीत नाही. ती घाबरेल म्हणता, पण दोन वर्षं घर तिच्या १४ हजारांवर चालवायचा बेत तिला न विचारता ठरलाय. तिला भीती वाटली तर वाटू दे, तो तिचा हक्क आहे. मुलगी झोपल्यावर वही घेऊन दोघं बसा. आधी कंपनीत काय चाललंय ते सांगा, ती गेटपाशी होणारी धडधडसुद्धा. मग वरचे आकडे तुमचे खरे आकडे घालून दोघांनी मिळून मांडा. कदाचित ती म्हणेल, मी पूर्ण वेळ काम बघते. कदाचित म्हणेल, आधी तीन लाख बाजूला पडू देत. कदाचित तिचीही काहीतरी शिकायची इच्छा असेल, जी तुम्ही कधी विचारलीच नसेल. त्या रात्री निर्णय घ्यायचा नाही, फक्त बोलायचं.

सीईटीचा फॉर्म नोकरीत राहूनच भरता येतो, तो भरा. जागा हातात आल्याशिवाय आणि वहीतली रक्कम जमल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, एवढं मला कबूल करा. घरी बोलणं झालं की लिहा. पत्नी नाही म्हणाल्या तर का म्हणाल्या तेही लिहा, त्यांनी स्वतः लिहिलं तर आणखी चांगलं. मी दोघांनाही उत्तर देईन.