काम दे, पण निर्णयासकट दे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, १०० जणांच्या युनिटमध्ये कामाला सात-आठच उभे राहतात, बाकीचे सेवेचे वर्षाला लागणारे १२० तास भरायला येतात, आणि रात्री बारापर्यंत जागून सगळं तू निस्तरतेस. वर विचारतेस, यांना हे काम आपलं कसं वाटेल? अगं, त्यात त्यांनी ठरवलेलं काही आहे का? काम देताना निर्णयासकट दे. मला एवढंच सांगायचंय, आणि तेच पुन्हापुन्हा सांगणार आहे.

मागच्या शिबिरातला वनराई बंधारा घे, ओढ्यात मातीच्या पोत्यांचा घातलेला तो तात्पुरता बांध. तो गळला, असं तू लिहिलंस. का गळला, तेही तुझ्याच वर्णनात आहे. पोती तोंडापर्यंत गच्च भरली. गच्च पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही आणि मधल्या फटींतून पाणी जातं. पोतं पाऊणच भरायचं, तोंड सुतळीनं शिवायचं, आडवं टाकून पायानं दाबायचं, म्हणजे ते पसरतं. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं. त्याआधी तळातली वाळू आणि गाळ कडक जमीन लागेपर्यंत उपसायचा, नाहीतर पाणी बंधाऱ्याच्या खालून निघून जातं. दोन्ही काठांत चर घेऊन पोती थोडी आत घुसवायची आणि पाणी साठणाऱ्या बाजूनं चिकणमाती चोपून लावायची. दहा मीटर लांब आणि मीटरभर उंच बंधाऱ्याला साडेतीनशेच्या आसपास पोती लागतात. शंभर जास्तीची धर, सिमेंटची रिकामी पोती फाटतात.

शिबिरातल्या पन्नास जणांत हे कुणालाच कळत नव्हतं? शेतकऱ्यांची मुलं आहेत त्यांत. पण त्यांना 'पोती भरा' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी पोती भरली. अख्खा बंधारा कुणाकडेच नव्हता.

त्यात शिबिर जानेवारीत, तोवर ओढा आटलेला. हा बंधारा पाऊस ओसरल्यावर, धार बारीक पण वाहती असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालतात. सप्टेंबरातच दोघांना 'बंधारा तुमचा, जागा आणि तारीख तुम्ही ठरवा' म्हटलं असतंस, तर ती दोघं ओढ्यावर गेली असती, काठच्या शेतकऱ्यांशी बोलली असती आणि तुला येऊन म्हणाली असती, हे शिबिरात नको, आधीच्या दोन रविवारी उरकू. निर्णय हातात असला की माणूस महिनाभर पुढचं बघतो. नुसतं काम हातात असलं की पुढच्या हुकमाची वाट बघतो.

आता करायचं काय ते ऐक. प्रत्येक काम जोडीला दे, एक दुसऱ्या वर्षाचा, एक पहिल्या वर्षाचा. एनएसएस दोन वर्षांचं, २४० तासांचं आहे. तुझ्यानंतर काम चालायचं तर पहिल्या वर्षाच्या मुलानं निर्णय होताना पाहिलेला असला पाहिजे. जोडीनं स्वतः एक चिठ्ठी लिहायची: काय झालं म्हणजे काम पुरं झालं, कोणत्या तारखेपर्यंत, न विचारता किती पैसे खर्चता येतील, आणि कोणत्या गोष्टी विचारूनच करायच्या. हे चौथं कलम बारकाईनं वाच. तिथे सहा-सात गोष्टी दिसल्या तर तू निर्णय दिलेलाच नाहीस. ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. समोर बसून होकार घे.

ठरल्या मुदतीच्या मध्यावर एकदा विचार, रोज नको. बैठकीत तू सगळ्यांत शेवटी बोल. तू आधी बोललीस की बाकीच्यांच्या माना डोलतात आणि चर्चा तिथेच संपते.

काही निर्णय मात्र देऊ नयेत. मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था, औषधपेटी, विहिरीजवळचं किंवा खोल पाण्याजवळचं काम आणि पैशांचा अंतिम हिशेब कार्यक्रम अधिकाऱ्यांकडेच, म्हणजे युनिट सांभाळणाऱ्या प्राध्यापकांकडेच, राहू दे. ग्रामपंचायतीची परवानगीही त्यांच्या सहीनंच जाते. पण सरपंचांशी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलायला त्यांच्यासोबत जोडीला पाठव. तू जाऊ नकोस.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते आदल्या रात्री. पोह्यांचा हिशेब चुकलेला दिसतो, पन्नास जणांना चार किलो लागतात आणि आणलेत अडीच. तू धावत जाऊन दुकान उघडायला लावतेस. नको ना! जोडीला सांग, काय करायचं ते ठरवा. ती शेजारच्या घरून आणतील, नाहीतर उपमा करतील. एकदा तू काम परत घेतलंस की बाकीच्या सगळ्या जोड्यांना कळतं की शेवटी ताईच करते, आणि पुढचं वर्षभर ती तुझी वाट बघत बसतात.

यात वेळ जातो, दर्जा घसरतो, असं मला अनेकांनी ऐकवलंय. जातो वेळ. पहिल्या वर्षी फलक वाकडेही लागतात. तरी मी याच्यापासून हटणार नाही, कारण एकट्यानं सुबक केलेलं काम तो माणूस पास होऊन गेला की थांबलेलंच मी बघत आलोय. वनराई बंधारा तर दर पावसात वाहून जातो आणि दरवर्षी नव्यानं घालावा लागतो. तू तिथे किती वर्षं असणार?

जे फक्त तासांसाठी येतात त्यांच्यावर चिडू नकोस. तास त्यांच्या हक्काचे आहेत. त्यांतल्याच दोघांना पाण्याची व्यवस्था सोपव, तीही निर्णयासकट.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी जोड्या ठरव आणि चिठ्ठ्या मला पाठव. त्यांच्या अक्षरातल्या पाठव, तुझ्या अक्षरातली एकही नको.