२,००० वस्तीच्या गावाने सांडपाणी प्रक्रियेसाठी विजेवरचा संच घ्यावा का?

आपण लिहिले आहे की, नळपाणी योजना सुरू झाल्यापासून आपल्या सुमारे २,००० वस्तीच्या गावात गटारे बारमाही वाहू लागली आहेत आणि ग्रामपंचायत विजेवर चालणारा तयार प्रक्रिया संच घेण्याच्या विचारात आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात अभियंता म्हणून बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, इतक्या लहान गावाने असा संच घेऊ नये.

जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर गावात रोज १,१०,००० लिटर पाणी येते आणि त्यातले ७० ते ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला या कामासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती, म्हणजे आपल्या गावाच्या वाट्याला फार तर ५,६०,००० रुपये. पण अडचण खरेदीची नसून चालवण्याची आहे. अशा संचातले घाण खाणारे जिवाणू ब्लोअरने सोडलेल्या हवेवर जगतात. वीज गेली, बिल थकले किंवा मोटर जळाली, की ते मरतात आणि मग आत गेले तसेच पाणी बाहेर येते. पथदिव्यांचे बिल भरताना ज्या ग्रामपंचायतीची दमछाक होते, तिने दिवसरात्र चालणारी मोटर कशाला गळ्यात घ्यावी?

त्याऐवजी जेवढे पाणी घरापाशीच जिरवता येईल, तेवढे जिरवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि त्यांबरोबर डासही हटवले, तो प्रयोग पुढे राज्यभर नावाजला गेला. साधारण ४ फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती खाली मोठे व वर लहान दगड, एवढीच त्याची रचना आहे. टाकीत केस, राख, खरकटे आणि साबणाचा साका अडकतो. ती वेळोवेळी उपसली नाही तर खड्डा तुंबतो, आणि बंद पडलेले बहुतेक खड्डे मी याच कारणाने बंद पडलेले पाहिले आहेत.

मात्र सगळीकडे खड्डा चालत नाही. मुरमात पाणी झटकन जिरते. काळ्या चिकणमातीत ती भिजून फुगली की पाण्याला वाटच उरत नाही. म्हणून अंदाजपत्रक करण्यापूर्वी प्रत्येक आळीत हातभर खोल खड्डा खणून रात्रभर भिजत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरते ते पाहावे. विहीर किंवा हातपंप जवळ असेल, तर निदान १५ मीटर अंतर राखावे. भेगाळलेल्या काळ्या पाषाणात त्याहूनही अधिक, कारण भेगांतून पाणी न गाळता पुढे जाते.

शौचालयाचे पाणी यात मुळीच मिसळू देऊ नये. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल तर उत्तम: एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावा, म्हणजे पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. सेप्टिक टँक असेल, तर त्याचे निचऱ्याचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते गटारात न सोडता स्वतंत्र शोषखड्ड्यात घालावे.

जे पाणी जिरणारच नाही, त्यासाठी गावाच्या उताराच्या टोकाला गाळ बसवणारी टाकी आणि तिच्यापुढे एकामागोमाग उथळ तळी करावीत. सुमारे दीड मीटर खोल तळ्यात शेवाळ सूर्यप्रकाशावर प्राणवायू तयार करते आणि जिवाणूंना तो फुकट मिळतो. गावाचे सगळे पाणी तिथे आले, तरी माझ्या हिशेबाने १५ ते २० गुंठे गायरान पुरेल. तेवढी जागा नसेल, तर खडीचा वाफा करून त्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावता येते. (उद्घाटनाच्या भाषणांत सारे श्रेय कर्दळीला मिळते, खरे काम मुख्यतः खडीवर वाढणारे जिवाणू करतात.) गाळटाकी वेळेवर उपसली नाही, तर ही खडी चोंदते आणि वाफा उकरून पुन्हा भरावा लागतो.

बाहेर पडलेले पाणी चारा व झाडांना द्यावे. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. काळ्या जमिनीत ते वर्षानुवर्षे एकाच तुकड्याला दिले, तर धुण्याच्या पावडरीतील सोडियम साचून जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाण्याचा निचरा न होणारी, होण्याचा धोका असतो, म्हणून पाळीपाळीने तुकडे बदलावेत आणि दर दोन-तीन वर्षांनी मातीची तपासणी करून घ्यावी.

ग्रामसभेत ठराव करताना मंजुरीच्या रकमेखालीच टाक्या व गाळटाकी उपसणाऱ्याचे मानधन कोणत्या निधीतून निघेल आणि उपसलेला गाळ कुठे टाकायचा, हे लिहून घ्यावे. तळ्यांना कुंपण हवेच, आणि ते मूळ अंदाजपत्रकातच धरावे. नंतर त्यासाठी वेगळा पैसा मिळत नाही.